उंबरठा आणि साल : 'ड्रॅक्युला'च्या मराठी वाचनाविषयी

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत भयकथेला मिळालेली जागा फार मोठी नाही. नारायण धारप, रत्नाकर मतकरी अशी दोन-चार नावे घेतली जातात, 'रंजनप्रधान साहित्य' असे एक शीर्षक दिले जाते आणि इतिहासकार पुढील, त्याच्या दृष्टीने अधिक गंभीर अशा प्रकरणाकडे वळतो. या उपेक्षेविषयी अधूनमधून खंत व्यक्त होते. मात्र पाश्चात्त्य भयकादंबरी मराठी वाचकाने कोठे उभे राहून वाचावी, या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते. ती कादंबरी परक्या देशातली, परक्या काळातली आणि परक्या भुताची आहे; ती वाचावी, थोडे घाबरावे आणि मिटून ठेवावी, अशीच आपली सर्वसाधारण धारणा असते.

प्रस्तुत लेखात या धारणेचा प्रतिवाद करावयाचा आहे. त्यासाठी ब्रॅम स्टोकर याची 'ड्रॅक्युला' ही १८९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेली कादंबरी समोर ठेवली आहे. रक्तपिपासू पिशाचाच्या कथेला आज जगभर जे रूप प्राप्त झाले आहे ते मुख्यतः या कादंबरीने दिले. व्हिक्टोरिया राणीचा काळ हा मराठी माणसासाठी केवळ विलायती पोशाखाचा आणि धुक्यातल्या घोडागाड्यांचा काळ नाही. तो आपलाही काळ आहे. तेव्हा ही कादंबरी आपण तिच्या सालासकट आणि आपल्या सालासकट वाचली पाहिजे. साल काढून घेतले की मागे उरते ते नुसते भय, आणि नुसते भय फार काळ टिकत नाही, असे माझे मत आहे.

सटाण्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून व्हिक्टोरियन काळाविषयी लिहिणे कोणाला ओढूनताणून आणल्यासारखे वाटेल. परंतु या गावाचे दैवतच त्या काळाने दिलेले आहे. देवमामलेदार यशवंतराव महाराज म्हणून ज्यांची मार्गशीर्षात यात्रा भरते ते यशवंत महादेव भोसेकर (१८१५-१८८७) हे राणीच्या अमदानीतले सरकारी अंमलदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेलेल्यांसाठी उघडला, ही हकीकत बागलाणात घरोघरी सांगितली जाते. खजिना, जमाखर्च, वरिष्ठांची तपासणी आणि त्या सर्वांवर मात करणारी करुणा, अशी ही कथा आहे. एखाद्या समाजाने आपल्या संताची कथा सरकारी दप्तराच्या भाषेत सांगावी, यावरून तो काळ आपल्या मनात किती खोल गेलेला आहे याची कल्पना येते.

वाङ्मयाच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. व्हिक्टोरियन काळातील सनसनाटी कादंबरी मराठीत आली ती त्याच काळात. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स (१८१४-१८७९) या लोकप्रिय इंग्रज लेखकाची भाषांतरे आणि रूपांतरे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी वाचकांच्या हाती पडू लागली होती. ज्या हरिभाऊ आपट्यांपासून आपण वास्तववादी कादंबरीची परंपरा मोजतो त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) हीदेखील रेनॉल्ड्सच्याच आधाराने उभी राहिली. याच रेनॉल्ड्सने लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसावरही एक कादंबरी लिहिली होती. म्हणजे मराठी कादंबरीच्या घडणीत लंडनच्या अंधाऱ्या गल्ल्यांचा वाटा प्रारंभापासून आहे. स्टोकरच्या काउंटशी मात्र आपली ओळख बहुधा चित्रपटांच्या आणि उत्तरकालीन रूपांतरांच्या वाटेने झाली. त्यामुळे त्याचा झगा आणि सुळे आपल्याला ठाऊक झाले. त्याचे साल ठाऊक झाले नाही.

आता कादंबरीच्या रूपबंधाकडे वळू. 'ड्रॅक्युला'ला एक असा निवेदक नाही. जोनाथन हार्कर या तरुण वकिलाची रोजनिशी, मिनाची आणि ल्यूसीची पत्रे, डॉक्टर सेवर्डने फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या नोंदी, तारा, वर्तमानपत्रातील कात्रणे, गलबताच्या कप्तानाची नोंदवही, अशा कागदपत्रांतून ती सिद्ध होते. मिना ही सर्व कागदपत्रे टंकलेखनयंत्रावर उतरवते, तारखांनुसार लावते, आणि ती लावून झाल्यावरच पिशाचाचा पाठलाग शक्य होतो. येथे शस्त्रापेक्षा नस्ती अधिक महत्त्वाची ठरते. स्टोकरचे पूर्वायुष्य पाहता हे स्वाभाविक वाटते. तो जन्माने आयरिश होता, डब्लिन येथे सरकारी नोकरीत होता, आणि त्याचे पहिले पुस्तक (१८७९) हे आयर्लंडमधील कनिष्ठ न्यायालयांच्या कारकुनांची कर्तव्ये सांगणारे होते. साम्राज्याचे दप्तर कसे चालते हे या लेखकाला आतून ठाऊक होते. ट्रान्सिल्व्हेनिया त्याने कधी पाहिला नव्हता. तो त्याने एमिली जेरार्ड यांच्यासारख्यांच्या लेखनातून उचलला.

या कागदपत्रांत एक वैशिष्ट्य आहे, आणि आपल्या वाचनाच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. प्रत्येक नोंदीवर दिवस आहे, महिना आहे. साल मात्र नाही. एकोणिसावे शतक चालू आहे एवढाच निर्देश मिळतो. हे साल वाचकाने भरावयाचे आहे. इंग्रज वाचकाने ते आपल्या परीने भरले. मराठी वाचकाने ते भरावयाचे तर त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहील ते कादंबरीच्या प्रकाशनाचेच साल, १८९७.

ते साल आपण विसरू शकत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अधिपत्याखाली घरोघर तपासणी सुरू झाली. गोरे सोजीर माजघरापर्यंत आणि देवघरापर्यंत पोचले. १० मार्च रोजी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. मे महिन्यात लंडनला 'ड्रॅक्युला' प्रसिद्ध झाली. २२ जून रोजी, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना शिक्षा झाली. ही सर्व नोंद इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत असते आणि कादंबरी वाङ्मयाच्या वर्गात असते; त्या दोहोंची भेट आपण होऊ देत नाही.

ती होऊ दिली म्हणजे काय दिसते? पूर्वेकडून एक गलबत येते. त्यावरील खलाशी एकामागून एक नाहीसे होतात. बंदरात लागल्यावर त्यातून मातीने भरलेल्या पन्नास पेट्या उतरतात आणि काही आठवड्यांत एका निरोगी मुलीचे रक्त आटू लागते. जहाजातून येणाऱ्या अदृश्य रोगाची ही भीती त्या वर्षी मुंबई बंदराला प्रत्यक्ष भोगावी लागत होती. परंतु त्याहून मोठी गोष्ट उंबरठ्याची आहे. कादंबरीतील पिशाचाला एक नियम पाळावा लागतो : घरातील कोणीतरी प्रथम 'ये' म्हटल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नाही. इंग्रज गृहस्थाचे घर हा त्याचा किल्ला, या कल्पनेवर तेथील कायद्याची मोठी भिस्त होती, आणि स्टोकरचे पिशाचही त्या कल्पनेचा मान राखते. त्याच वर्षीच्या वसंतात पुण्यातल्या घरांचे उंबरठे मात्र कोणाच्याही निमंत्रणाची वाट न पाहता ओलांडले जात होते. विलायतेतील भुताला जो शिष्टाचार पाळावा लागत होता तो येथील सरकारला पाळावा लागत नव्हता. लेखकाच्या मनात पुणे होते असे मला सुचवावयाचे नाही. मनात नसलेली गोष्टही संहितेच्या शेजारी ठेवून पाहता येते, आणि ठेवल्यावर ती संहिता उजळत असेल तर वाचकाने तसे करण्यास संकोच बाळगू नये.

हिंदुस्थान या कादंबरीत अगदीच नाही असेही नाही. व्हॅन हेल्सिंग हा वृद्ध विद्वान सेवर्डची शंका घालवताना जिवंत समाधी घेऊन पुन्हा उठणाऱ्या हिंदी फकिराचा दाखला देतो. ड्रॅक्युलाची तुलना तो माणसाच्या रक्ताला चटावलेल्या हिंदुस्थानातील नरभक्षक वाघाशी करतो. शेवटी काउंटच्या गळ्यावरून जे पाते फिरते ते हार्करच्या हातातील कुकरीचे, म्हणजे गुरख्यांच्या शस्त्राचे. ज्या शस्त्राची ख्याती साम्राज्याच्या हिंदी पलटणींनी केली, त्याच शस्त्राने साम्राज्याच्या राजधानीवर आलेले संकट निवारले जाते. हे तपशील बारीक आहेत. परंतु कोणत्या जगाच्या पार्श्वभूमीवर ही भीती रचली गेली हे त्यांवरून कळते.

एवढे झाल्यावर मूळ प्रश्न उरतो : मराठी वाचकाने या कादंबरीत कोणाच्या बाजूला उभे राहावयाचे? वाचनाचा ओघ आपल्याला हार्करच्या बाजूला नेतो, कारण रोजनिशी त्याची आहे. पण कादंबरीच्या प्रारंभीच्या प्रकरणांत एक प्रसंग असा आहे की जेथे आपली जागा बदलते. ड्रॅक्युलाच्या वाड्यात हार्करला एक ग्रंथसंग्रह आढळतो. त्यात इंग्रजी पुस्तके, मासिके, आगगाड्यांचे वेळापत्रक, लंडनची निर्देशिका, कायदेपंडितांची आणि सैन्याधिकाऱ्यांची यादी असे सर्व काही आहे. काउंटने इंग्रजी भाषा या पुस्तकांतून शिकलेली आहे. ती त्याला लिहिता-वाचता येते. परंतु लंडनच्या रस्त्यात तोंड उघडताच हा परका आहे हे कोणी ओळखू नये, अशी त्याची तळमळ आहे. म्हणून तो हार्करला ठेवून घेतो, त्याच्याशी रात्र रात्र बोलतो आणि आपले उच्चार सुधारून देण्याची विनंती करतो.

ज्या वाचकाने इंग्रजी ही भाषा शब्दकोशातून आणि मार्गदर्शिकांतून शिकली, महाविद्यालयात आल्यावर जो पहिले वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसून राहिला, त्याला हा प्रसंग वाचताना भय वाटत नाही, ओळख पटते. आमच्या भागातील विद्यार्थी घरी अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी आणि नोकरीच्या अर्जात इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढत असतो. आपल्या बोलण्यातून आपले गाव कळू नये ही त्याची धडपड आहे. अशा विद्यार्थ्याला काउंटचा ग्रंथसंग्रह हार्करपेक्षा अधिक समजतो. राक्षसाविषयी वाटणारी ही क्षणिक आत्मीयता कादंबरीच्या हेतूविरुद्ध आहे. तरीही ती खरी आहे, आणि लंडनच्या वाचकाला ती सहजासहजी लाभणारी नाही. मराठीच्या वर्गात ही कादंबरी वाचण्याचे एक प्रयोजन मला येथे दिसते.

पुढचा प्रश्न नावाचा. या पिशाचाला मराठीत काय म्हणावे? 'वेताळ' म्हणावे असे एका इंग्रजानेच फार पूर्वी सुचविल्यासारखे केले आहे. रिचर्ड बर्टन हा १८४२ मध्ये कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला होता. वेताळाच्या कथांवर आधारलेले त्याचे पुस्तक १८७० मध्ये निघाले, तेव्हा शीर्षकात त्याने विक्रमाच्या जोडीला वेताळाऐवजी 'व्हँपायर' घातला. पुढे स्टोकर आणि बर्टन यांची गाठ पडली. बर्टनच्या चेहऱ्याची, विशेषतः बोलताना दिसणाऱ्या त्याच्या सुळ्याची आठवण स्टोकरने नंतर नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडे सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' त्याच्या चाळीस वर्षे आधी, १८३० मध्ये, मराठीत आलेली होती. परंतु आपला वेताळ रक्त पीत नाही. तो प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लोंबकळतो आणि राजाला न्यायाचे कूटप्रश्न घालतो. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा रक्षणकर्ता देव आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याचे जोडे वाहतात, ते देव रात्री गावाची राखण करीत हिंडतो या श्रद्धेने. अशा देवाला 'व्हँपायर' म्हणणे हा भाषांतरातील अपघात म्हणून सोडून देता येत नाही. परक्याच्या दैवताला भूत ठरविण्याची सवय त्या काळाच्या हाडीमांसी खिळलेली होती.

मराठी भुते धरतात, झपाटतात, वाट चुकवतात, अंगात येतात. रक्त पिण्याची क्रिया आपल्या भाषेने भुतांपेक्षा माणसांकडे अधिक सोपविली. रक्त पितो तो सावकार. रक्त शोषून घेतो तो मालक. रक्त आटवते ती काळजी. १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली ती त्यांचे कर्जरोखे हिसकावून जाळण्यासाठी. अन्न खाणारे संकट त्यांना कागदात दिसत होते. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला; स्टोकरचे कारकुनांसाठीचे पुस्तक त्याच वर्षीचे. १८८३ च्या सुमारास जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हीच पिळवणूक मांडली. तिकडे कार्ल मार्क्सनेही भांडवलाला रक्तपिपासू पिशाचाची उपमा दिलेली होती. काउंट ड्रॅक्युलाही इंग्लंडमध्ये येतो तो चोरून येत नाही. वकिलामार्फत रीतसर खरेदीखत करून, वाहतुकीच्या पावत्या घेऊन येतो. ज्या वाचकाच्या आजोबांची जमीन अंगठ्याच्या एका ठशाने गेली असेल त्याला या खरेदीखताचे भय वाड्यातल्या शवपेटीहून अधिक वाटेल.

भुतांची नोंद करण्याचे कामही त्याच राजवटीने हाती घेतले, आणि त्यातील एक धागा नाशिकला येऊन मिळतो. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हा संस्कृतज्ञ होता. लोकसमजुतींची माहिती गोळा करण्याचे काम त्याने हाती घेतले होते. ती माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी पुरविली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्याचा वध केला. त्याने जमविलेली सामग्री पुढे आर. ई. एन्थोवन याने गुजरात आणि कोकण अशा दोन खंडांत १९१४ आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध केली. तेथील हडळ, मुंजा, समंध यांची माहिती ज्या शाळामास्तरांनी कळविली त्यांच्या शाळांची नावे त्या खंडांत आहेत. मिनाच्या टंकलेखनयंत्राप्रमाणे हेही भुतांचे दप्तरच होय. त्या मालिकेत बागलाणचा स्वतंत्र खंड निघाला नाही. येथील भुते अजून तोंडीच आहेत.

या तोंडी परंपरेत एक शब्द असा आहे की त्याच्यापाशी भयकथेची गंमत संपते. तो शब्द 'डाकीण'. सातपुड्याच्या आणि खानदेशाच्या आदिवासी पट्ट्यात एखाद्या घरी मूल आजारी पडले, गुरे दगावली, की दोष एखाद्या बाईवर येई. ती माणसाचे सत्त्व खाते असे भगत सांगे आणि तिला गावाबाहेर काढले जाई, प्रसंगी जिवे मारले जाई. अजय स्कारिया यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात वसाहतकालीन पश्चिम भारतातील या हिंसेचा अभ्यास केला आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना अलीकडच्या काळातही सातपुड्यात या प्रथेविरुद्ध काम करावे लागले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि एखाद्या व्यक्तीवर करणीचा आळ घेऊन तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा ठरला.

हे लक्षात ठेवून ल्यूसीची कथा पुन्हा वाचावी. चार पुरुष तिला आपले रक्त देतात. रक्तगटांचा शोध अजून लागावयाचा होता, त्यामुळे त्या उपचाराची जोखीम ना त्या डॉक्टरांना ठाऊक होती ना लेखकाला. ती मरते, पुरली जाते आणि मग परिसरातील लहान मुलांच्या गळ्यावर जखमा दिसू लागतात. लहान मुलांना पीडा देणारी बाई हा आरोप निश्चित होताच तिच्याच वाग्दत्त वराच्या हातून तिच्या छातीत खुंटा ठोकला जातो आणि तिचे शिर तोडले जाते. त्यानंतर तिच्या चेहऱ्यावर शांती आली असे सांगितले जाते. सांगतो कोण? ज्यांनी हे केले तेच. ल्यूसीच्या हातची शेवटची नोंद तिच्या मृत्यूपूर्वीची आहे. पिशाच झाल्यावर तिला कागद मिळत नाही. काउंटच्या हातचीही प्रारंभीची एखादी चिठ्ठी सोडली तर काही नाही. एवढ्या मोठ्या दप्तरात आरोपीचा जबाब नाही.

कादंबरीत पिशाच खरोखर आहे, म्हणून तेथे त्या पुरुषांचा निर्णय योग्य ठरतो, असे उत्तर यावर देता येईल. ते कथेपुरते मान्य आहे. परंतु ज्या प्रदेशात असेच आरोप हाडामांसाच्या बायकांवर झाले तेथील वाचकाने त्या कबरीपाशी क्षणभर थांबावे आणि जबाब कोणाचा नोंदवला गेला नाही हे विचारावे, हे त्याच्या वाचकपणाचे कर्तव्य आहे. अशा थांबण्याने कादंबरीचे भय कमी होत नाही. उलट त्याचा रोख बदलतो : भय शवपेटीतून उठणाऱ्या बाईचे राहत नाही, तिच्याभोवती उभ्या असलेल्या सज्जनांच्या खात्रीचे होते.

आता मराठी भयकथेकडे येऊ. नारायण धारप (१९२५-२००८) यांची 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट' (१९७५) या कादंबरीवर बेतलेली आहे, आणि ड्रॅक्युला विसाव्या शतकातील अमेरिकेत अवतरला तर काय होईल या कल्पनेतून आपण ती कादंबरी लिहिली असे किंगनेच सांगून ठेवले आहे. म्हणजे स्टोकरचे पिशाच लंडनहून अमेरिकेच्या खेड्यात आणि तेथून मराठीत असा प्रवास करून आले. धारपांचे सामर्थ्य निर्विवाद आहे. त्यांनी परक्या भयाला मराठी घर दिले, मराठी कुटुंबाची बोली दिली. त्यांच्या समर्थकथांनी रक्षणकर्त्या विद्वानाची एक देशी प्रतिमा घडविली. तरीही रूपांतराच्या या प्रथेविषयी एक शंका व्यक्त करावीशी वाटते. तीत गावे बदलतात, नावे बदलतात, क्रुसाच्या जागी मंत्र येतो. परंतु मूळ कृतीत भयाला जो काळाचा आधार होता तो बहुधा गळून पडतो आणि त्याच्या जागी आपला काळ येत नाही. वाडा येतो, तो वाडा कोणाच्या श्रमावर आणि कोणत्या कागदावर उभा राहिला ते येत नाही.

तसे आले तर काय घडते याचे उदाहरण म्हणून 'तुंबाड' (२०१८) या राही अनिल बर्वे यांच्या चित्रपटाचा उल्लेख करता येईल. तो हिंदीत आहे, पण त्याची भूमी कोकणची आहे, आणि धारपांच्या एका कथेचे ऋण त्यावर आहे. त्याचे भाग १९१८, १९३३ आणि १९४७ अशा सालांनी बांधलेले आहेत. एका घराण्याची हाव आणि देशाचा त्या तीस वर्षांतला प्रवास एकमेकांशेजारी चालतात. तेथे साल गळालेले नाही, म्हणून तेथील राक्षस प्रेक्षकाच्या मनातून लवकर जात नाही.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, रंजनासाठी लिहिलेल्या कादंबरीवर इतिहासाचे एवढे ओझे लादू नये. यावर एवढेच म्हणावेसे वाटते की, ज्या काळाच्या भीतीने ती कादंबरी उभी राहिली तो काळ तिच्यात आधीच आहे. वाचकाने तो केवळ वर काढावयाचा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भुताखेतांच्या कादंबऱ्या अभ्यासक्रमात आणल्याने अंधश्रद्धेला प्रतिष्ठा मिळेल, असे आमच्या अनेक प्रामाणिक सहकाऱ्यांना वाटते. डाकीणप्रथा ज्यांनी जवळून पाहिली त्यांची ही चिंता मला हलक्याने घेता येत नाही. पण भुताची कथा वर्गाबाहेर ठेवल्याने ती गावातून जात नाही. वर्गात आणली तर निदान कोण सांगतो, कोणाविषयी सांगतो आणि कोणाला बोलू देत नाही, हे तीन प्रश्न तिला विचारता येतात. हे प्रश्न विचारण्याची सवय लागलेला विद्यार्थी भगताच्या अंगणातही ते विचारील, एवढी आशा वाङ्मयाच्या शिक्षकाने बाळगावयास हरकत नाही.

तेव्हा पदव्युत्तर वर्गाच्या अभ्यासात अशी एक तरी कादंबरी असावी आणि ती १८९७ च्या मराठी वृत्तपत्रांसोबत, प्लेगच्या हकीकतींसोबत, आपट्यांच्या आणि फुल्यांच्या लेखनासोबत वाचली जावी. दुसरे असे की, ज्या तालुक्यांचा खंड जॅक्सनच्या संग्रहातून निघाला नाही तेथील भूतकथा विद्यार्थ्यांनी आता गोळा कराव्यात. मात्र त्या गोळा करताना कथेबरोबर सांगणाऱ्याचे वय, बोली, गाव आणि ऐकल्याचे साल लिहून ठेवावे, आणि कथेत कोणा बाईचे नाव भूत म्हणून येत असेल तर तिच्या माहेरचे माणूस काय सांगते तेही विचारावे. अहिराणीत सांगितलेली कथा अहिराणीतच उतरवून घ्यावी. शाळामास्तरांनी साहेबाला कळविलेल्या माहितीत आणि नातवाने आजीकडून ऐकून लिहिलेल्या माहितीत जे अंतर पडेल तेच आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

स्टोकरच्या कादंबरीला साल नाही, आणि ते भरण्याचा अधिकार वाचकाचा आहे. मराठी वाचकाने आजवर तो वापरला नाही. तो वापरावयाचा तर त्यासाठी लागणारी सामग्री लंडनला शोधावी लागणार नाही. ती पुण्याच्या दप्तरखान्यात, नाशिकच्या ग्रंथालयात आणि बागलाणच्या ओट्यांवर आहे.